हरण्या का धावत नव्हता

गेल्या पंधरवड्यात माझा नातू माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. कारण काय, तर कुत्र्याचं एक पिल्लू. पिल्लू आपलं म्हणायचं; उंची मांडीला लागते आणि वय दहा महिन्यांचं आहे. जातीचं कारवानी. मक्यात रानडुकरं शिरतात, तेव्हा भुंकून जाग देईल म्हणून नातवानं ते हौसेनं आणलं. डुकरं आली, चार सऱ्या लोळवून गेली, आणि हे खोपीच्या दारात कान पाडून बसून राहिलं. नातू म्हणाला, "आजोबा, गिऱ्हाईक आलंय. पाच हजार देतोय. काढून टाकू." मी म्हणालो, "दसऱ्यापर्यंत थांब." त्यावर तो रुसला.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर त्याला जवळ बसवलं आणि एक जुनी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी आजवर दोनच माणसांना सांगितली होती आणि ती दोन्ही माणसं आता नाहीत. आपल्या वाचकांत कुत्री पाळणारे पुष्कळ असतील, म्हणून इथंही लिहितो.

आमचं गाव जत तालुक्यातलं. पाऊस कमी, माळ मोठा. कुसळं, तरवड, हिवराची झुडपं आणि मधून मधून काळ्या रानाचे पट्टे. अशा मुलखात कारवानी कुत्रं शोभून दिसतं. लांब तोंड, खोल छाती, पोटाशी बारीक झालेली कंबर. याला वासापेक्षा नजर मोठी. वास घेत घेत माग काढणारी कुत्री वेगळी. हे लांबवर काही हललेलं बघतं आणि सुटतं. मुधोळ इथून फार लांब नाही. तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, म्हणून कुणी तिला मुधोळी म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं या कुत्र्याचं तिकीटही काढलं. आमच्या लहानपणी मात्र त्याचं एवढं कौतुक कुणाला नव्हतं. मेंढरामागं लांडगा येऊ नये आणि कोवळा हरभरा सशांनी खाऊ नये, यासाठी कुत्रं. ससा धरला तर त्या दिवशी घरात कालवण. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आज सशामागं कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे आणि तो असावाच, कारण ते माळही राहिले नाहीत आणि ते ससेही. मी सांगतोय ती गोष्ट १९६६-६७ सालची आहे.

मी तेव्हा बारा वर्षांचा. घरात कारभार तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांची काळी नावाची एक कुत्री होती. तिच्यासारखी धावणारी कुत्री पंचक्रोशीत नव्हती, असं तात्या म्हणत आणि लोकही मान डोलवत. पण ती म्हातारी व्हायला लागली होती. तिची जागा घ्यायला कोणी हवं, म्हणून तात्यांनी १९६६ च्या श्रावणात पाहुण्यांकडून दीड महिन्याचं एक पिल्लू आणलं. एस.टी.तून, पाटीत घालून, वर फडकं बांधून. बदल्यात दोन पायल्या शाळू दिला होता. रंग हरणासारखा, म्हणून नाव हरण्या.

तात्यांनी पिल्लू माझ्या ओटीत टाकलं आणि म्हणाले, "हे तुझं. खायला घालायचं, हिंडवायचं, गोचिड काढायचं. आणि मी सांगेपर्यंत दाव्यातनं सोडायचं नाही."

मी ते जिवापाड सांभाळलं. दुधात कुस्करलेली भाकरी, कधी ताक, मिळेल तेव्हा अंडं. पाचव्या महिन्यात दात पडून नवे येत होते, तेव्हा माझ्या चपलेचे अंगठे त्यानं खाऊन टाकले, तरी मी त्याला बोट लावलं नाही. संध्याकाळी ओढ्याकाठी मी पळायचो आणि ते माझ्याभोवती गिरक्या घ्यायचं. दाव्यातनं सोडलेलं असायचं, हे सांगायला नकोच. तात्या मळ्यात असायचे.

मग पौष आला. आमच्या पडीक रानात एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरं बसवली होती. मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. मी हरण्याला घेऊन तिकडं गेलो आणि नेहमीसारखं दाव्यातनं सोडलं. एक कोकरू कळपातनं फुटलं आणि उड्या मारत पळालं. हरण्यानं ते बघितलं. वाचकहो, त्याची ती पहिली धाव मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. जमिनीला लागून गेलं. चार ढांगांत कोकराला गाठलं, पायात तोंड घातलं, कोकरू लोळलं. चावलं नव्हतं, ते खेळत होतं. पण कोकरू ओरडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कोकरू मेलं तर धनगर तात्यांकडं जाणार, आणि कुत्रं कुणी सोडलं ते तात्यांना कळणार.

मी धावत गेलो, हरण्याचा पट्टा धरला आणि निरगुडीची फोक मोडून घेतली. किती मारलं ते मोजलं नाही. ते ओरडत होतं तोवर मारलं, आणि ओरडायचं थांबल्यावरही दोन मारल्या. माझी भीती मी त्याच्या पाठीवर काढली. धनगर कळपाच्या दुसऱ्या टोकाला होता. कोकरू उठून आईकडं गेलं. कुणी काही पाहिलं नाही, असं मी धरून चाललो. हरण्या घरी येऊन कडब्याच्या गंजीखाली शिरलं, ते रात्री भाकरीलाही बाहेर आलं नाही. आईनं विचारलं, तर मी म्हणालो, "विंचू चावला असंल."

त्यानंतर हरण्या शहाणं झालं, असं सगळे म्हणायला लागले. कोंबड्यांच्या मागं जात नाही, शेरडांकडं बघत नाही, हाक मारली की येतं. मलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

शाळू निघाला, रानं मोकळी झाली आणि फाल्गुनात तात्यांनी त्याला पहिल्यांदा माळावर नेलं. तेव्हा ते जेमतेम आठ महिन्यांचं होतं. हे वय लवकरचंच. कारवानी कुत्रं उशिरा अंग धरतं. दीड वर्षाचं होईपर्यंत त्याची हाडं आणि अक्कल दोन्ही कच्ची असतात. पण चार गडी बघायला जमले होते. ढेकळात दबून बसलेला ससा उठला, काळी सुटली, लोकांनी "छू! छू!" केलं. हरण्यानं सशाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि खाली बसलं.

लोक हसले. कुणी म्हणालं, "तात्या, कुत्रं समजून शेळी आणलीत."

चैत्रभर हेच. मग सुरू झाले एकेकाचे उपाय. कुणी सांगितलं, उपाशी ठेवा. दोन दिवस ठेवलं. उपाशी कुत्रं सशाकडं बघत नाही, माणसाच्या हातातल्या फडक्याकडं बघतं, हे आम्हाला कळलं तेवढंच. कुणी सांगितलं, काळीच्या पट्ट्याला दोरीनं जोडा. ससा उठला तसं काळीनं त्याला फरफटत नेलं, मान सोलली, आणि त्या दिवसापासून ते काळीच्या शेजारीही जाईना. शेवटी एकानं वाघरीत सापडलेला जिवंत ससा आणून समोर धरला. हरण्यानं वास घेतला, शेपूट पायात घातली आणि तोंड भिंतीकडं केलं. मी हे सगळं बघत होतो. प्रत्येक वेळी त्याचा दोष मोजला जात होता आणि मला ठाऊक होतं की दोष कुणाचा आहे. म्हणजे ठाऊक आहे असं स्पष्ट नव्हतं. पण रात्री त्याच्या पाठीवरनं हात फिरवताना फोकेचे वळ जिथं होते, तिथं माझा हात थांबायचा.

वैशाखाच्या अखेरीस तात्या म्हणाले, "खाणारं तोंड आहे. पुढच्या बाजाराला नेतो. खाटकाच्या दुकानापाशी सोडलं की हाडं चघळत पडून राहील." बाजाराला पाच दिवस होते.

त्याच सुमाराला म्हातारा धनगर मेंढरं घेऊन परत आला. पावसाआधी आमच्या रानात तीन रात्री बसणार होता. मी हरण्याला दाव्याला धरून त्याला जेवण द्यायला गेलो. त्यानं भाकरी बाजूला ठेवली आणि कुत्र्याकडंच बघत राहिला.

"ह्येला मार कुनी दिलाय?"

"कुणी नाही."

तो काही बोलला नाही. त्यानं एक कोकरू उचललं, दहा पावलं लांब नेऊन सोडलं. कोकरू आईकडं पळालं. हरण्याचे कान उभे राहिले, बरगड्यांवरची कातडी थरथरली, आणि दुसऱ्या क्षणी त्यानं मान फिरवून तोंड माझ्या पायामागं लपवलं.

"बगितलंस?" म्हातारा म्हणाला. "डोळं गेलं, पाय उटत हुतं. त्येनं सोताला धरलं. कुत्रं मंद न्हाई. त्येला कुनीतरी सांगितलंय, की जे पळतंय त्येच्यामागं जायाचं न्हाई. त्ये बिचारं सांगितल्यालं ऐकतंय."

मग मी रडलो आणि सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत भाकरी खात होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "मी बगितलं हुतं लांबनं. म्हटलं, पोरगं सांगंल कवातरी."

त्यानं जे सांगितलं ते मी जवळपास त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण पुढं चाळीस वर्षं कुत्री पाळून मला त्यात भर घालण्यासारखं फार सापडलं नाही. कुत्र्याला कळपाचं शिकवायचं असेल, तर लहान असताना कळपातच बांधावं, तिथंच खायला घालावं. कोकराच्या फार जवळ गेलं की एखादी मेंढी डोकं मारते. तो मार मेंढीचा असतो; कुत्रं मेंढीला ओळखून राहतं आणि बाकी जगाला भीत नाही. माणसाचा मार मात्र कुत्रं कशाकशाला लावून घेईल, सांगता येत नाही. कोकराबद्दल मारलं असं तुम्ही समजता; ते समजतं, धावल्याबद्दल मारलं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय न्हाई. माळ दाखवू नगंस. ससा दाखवू नगंस. छू म्हनू नगंस. त्यो सबुद त्येच्यासाटी नासला. नुसता खेळ. सांच्याला चिंधी दोरीला बांदून तू पळ. त्येनं बगितलं तर बगितलं. आन धावलं, की त्येच्याकडं बगू नगंस. त्ये तुज्याकडं बगंल, इचारंल. तू तिसरीकडं बग."

बाजाराला दोन दिवस उरले होते. चिंधी बांधायला हरण्या घरात राहायला हवं होतं. तात्यांना खरं सांगण्यावाचून मार्ग नव्हता. ते गोठ्यात वैरण टाकत होते. मी दारात उभा राहून एका दमात सांगितलं: दाव्यातनं सोडलं होतं, रोजच सोडत होतो, मारलं, विंचवाचं खोटं बोललो. तात्यांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. त्यांचा हात जड होता, हे गावाला ठाऊक होतं. बराच वेळ ते माझ्याकडं बघत राहिले.

"तुला आता मारू का?" ते म्हणाले. "मारलं तर पुढच्या वेळी सांगायला येणार नाहीस." मग पेंढी उचलून म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहू दे त्याला. पण माळावर मी येणार नाही. तुझं तू बघ."

पहिला महिना काही झालं नाही. मी चिंधी ओढत ओढ्याकाठी वेड्यासारखा पळायचो आणि हरण्या बसून बघायचं. बायका पाणी भरायला येत, त्या हसत. आषाढात एका संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, मागून पावलं वाजली. मी वळलो नाही. दोरीला हिसका बसला आणि चिंधी गेली. मी तसाच पुढं पळत राहिलो. नंतर ते चिंधी तोंडात घेऊन माझ्या शेजारून गेलं, तेव्हाही आंब्याच्या झाडाकडं बघत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्याला दिसलं नसावं.

तिथून पुढं पायाची मेहनत. उन्हं तापायच्या आत, सकाळीच. मऊ रानात, दगडात नव्हे. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांतली कुसळं आणि सराटे बघून काढायचे. पायात एक काटा राहिला की कुत्रं मनातनंही लंगडं होतं. पळून आलेलं कुत्रं धापा टाकतंय तोवर पोटभर खायला घालू नये. काळीशीही त्याचं पुन्हा जमलं. दोरीनं नव्हे, दोघांना एका परातीत खायला घालून.

दिवाळी झाली आणि दोन-तीन आठवडे गेले. ते वर्ष आमच्या पिढीला विसरता येत नाही, कारण ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला. त्याच्या आधीच्या महिन्यातली ही सकाळ. हरभरा वीतभर झाला होता आणि कडेच्या ओळी सशांनी खुडल्या होत्या. मी, काळी आणि हरण्या, चौथं कुणी नाही. काळी बांधाच्या कडेनं जाता जाता थबकली आणि तिच्या नाकापुढून ससा उठला. काळी सुटली, पण पन्नास ढांगांत मागं पडली. हरण्या जागच्या जागी ताठ झालं. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी जत गावाकडं तोंड केलं. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं. धुकं होतं.

पुन्हा इकडं बघितलं तेव्हा ते माळाच्या निम्म्यावर होतं. ससा चढ धरून पळत होता. त्याचे मागचे पाय लांब, त्यामुळं चढावर तो कुणाला सापडत नाही. माथ्याजवळ हरण्यानं त्याला गाठलंच होतं, तेवढ्यात सशानं अंग चोरून काटकोनात वळण घेतलं. हरण्या तसंच पुढं गेलं, कोलांटी खाल्ली, धुरळा उडाला. ससा तरवडाच्या जाळीत गेला.

ते लंगडत परत आलं. गुडघा फुटला होता, जीभ हातभर बाहेर. माझ्यापासून चार हातांवर थांबलं आणि अंग चोरून उभं राहिलं, मार खायला उभं राहतात तसं. मी खाली बसलो. ते हळूहळू आलं आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. घरी आल्यावर तात्यांनी फुटलेला गुडघा बघितला. "धरला?" "नाही." "पळालं?" "हो." तात्या आत गेले आणि त्यांच्या भाकरीवरचं लोणी पानात घेऊन बाहेर आले.

पुढं हरण्यानं किती ससे धरले, ते सांगत बसत नाही. काळीची सर त्याला आली नाही, असं तात्या शेवटपर्यंत म्हणत. वळण घेताना ते नेहमी कणभर उशीर करी आणि त्या कणभरात मागं वळून बघे. ती खोड गेली नाही. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसं खडी फोडायच्या कामावर जात, तेव्हा राखणीला तेच असायचं, अर्ध्या भाकरीवर. त्याच वर्षी वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढं माळावरची धावणी हळूहळू थांबली, आणि हरण्याही तोवर म्हातारं झालं होतं.

गोष्ट संपल्यावर नातू बराच वेळ गप्प होता. मी त्याला विचारलं, "ह्याला कधी कुणी मारलंय?" तो नाही म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "पप्पांनी एकदा. रात्रभर भुंकत होतं. झोप येत नव्हती, म्हणून ठिबकच्या नळीनं."

"किती महिन्यांचं होतं?"

"पाच."

दुसऱ्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. पिल्लाची जेवणाची थाळी खोपीतनं मक्याच्या बांधावर नेली आहे, आणि संध्याकाळी स्वतःही तिथं जाऊन बसतो. परवा रात्री डुकरं पुन्हा आली होती. पिल्लू उठून उभं राहिलं, घशातल्या घशात गुरगुरलं आणि खोपीकडं बघायला लागलं, असं नातू सांगत होता. अजून भुंकलेलं नाही. मी मुलाला सांगितलं आहे की ज्या रात्री भुंकेल, त्या रात्री कुणी झोपमोडीची तक्रार करायची नाही.